सरकारचा वकील कोणाचा?
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

तालुक्याच्या गावी कोर्टाच्या आवारात सरकारी वकील येताना दिसले, म्हणजे व्हरांड्यात बसलेले पक्षकार सावरून बसतात आणि त्यांना वाट करून देतात. या आदरात थोडे भय मिसळलेले असते. हा सरकारचा माणूस. सरकारचे मीठ खातो. तेव्हा सरकार सांगेल तेच बोलणार, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीत तथ्य किती आणि भ्रम किती, याचा विचार आज मी एका थोर विधिज्ञाच्या चरित्राच्या आधारे करणार आहे. ते विधिज्ञ म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले ॲटर्नी जनरल, अर्थात महान्यायवादी, कै. मोतीलाल चिमणलाल सेटलवाड.

प्रथम या पदाची घडण लक्षात घेऊ. आपल्या राज्यघटनेच्या 76व्या अनुच्छेदान्वये महान्यायवादीची नेमणूक राष्ट्रपती करतात, आणि राष्ट्रपतींची मर्जी असेतोपर्यंत तो त्या पदावर राहतो. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, हे आपण जाणताच. म्हणजे ही नेमणूक अखेर राज्यकर्त्या पक्षाच्या हातची. न्यायाधीशाला मुदतीची शाश्वती असते, ती या पदाला नाही. इंग्लंडात हा अधिकारी सत्तारूढ पक्षाचाच एक पुढारी असतो. अमेरिकेत तो अध्यक्षांच्या मंत्रिमंडळात बसतो. आपल्या घटनाकारांनी मात्र मधली वाट काढली. आपला महान्यायवादी संसदेच्या दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, परंतु मत देऊ शकत नाही. बोलावे, पण पक्षाच्या पारड्यात आपले वजन टाकू नये, असाच या योजनेचा आशय नव्हे काय? पण घटनेतील वाक्याला जिवंत रूप येते ते त्या पदावर बसणाऱ्या माणसामुळे. पहिला माणूस जसा वागेल तसा पायंडा पडतो. म्हणून सेटलवाडांची कारकीर्द महत्त्वाची.

मोतीलालांचा जन्म 1884 साली अहमदाबादला झाला. त्यांचे वडील सर चिमणलाल सेटलवाड हे मुंबईतील नामांकित वकील आणि नेमस्त पक्षाचे अग्रणी होते. डॉ. आंबेडकरांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिचे अध्यक्षपद याच चिमणलालांनी स्वीकारले होते. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील दुसरी एक घटना अधिक बोलकी आहे. 1919 साली जालियनवाला बागेत हत्याकांड झाले आणि त्याच्या चौकशीसाठी सरकारने हंटर समिती नेमली. चिमणलाल तिचे सभासद होते. नेमणूक सरकारची, पण जनरल डायर समोर आला तेव्हा त्याची कसून उलटतपासणी करणाऱ्यांत चिमणलाल होते, आणि अहवालाची वेळ आली तेव्हा त्यांनी व इतर हिंदी सभासदांनी इंग्रज सभासदांपासून फारकत घेऊन आपला निराळा अहवाल लिहिला. सरकारने नेमले म्हणून सरकारला हवे तेच लिहिले पाहिजे असे नाही, हा धडा मोतीलालांना घरातच मिळाला असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मुंबई हायकोर्टात मोतीलालांनी मोठा लौकिक मिळविला आणि 1937 साली ते मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल झाले. या पदाला मान मोठा, आणि पुढील उत्कर्षाच्या वाटा मोकळ्या. पाच वर्षे गेली. 1942चा ऑगस्ट उजाडला. गवालिया तलावावरील ठरावानंतर पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि चळवळ चिरडून टाकण्याचे सरकारने ठरविले. सेटलवाड काही सत्याग्रही नव्हते; तुरुंगात जाण्याचा त्यांचा पिंड नव्हता. पण ज्या सरकारने लोकांवर असे हत्यार उपसले, त्या सरकारचा वकील म्हणून उभे राहणे त्यांना पटेना. त्यांनी राजीनामा दिला. वकिलाने पक्षकाराची बाजू घ्यावी हा त्याचा धर्म खरा. पण जी बाजू घेणे सद्सद्विवेकाला अशक्य होते, तिचे वकीलपत्र परत करणे हाही त्याच धर्माचा भाग आहे.

पुढे स्वातंत्र्य आले, आणि त्याच्याबरोबर फाळणीही आली. 1947च्या जुलैत लाहोरला पंजाबच्या सीमा आयोगापुढे काँग्रेसच्या वतीने बाजू मांडण्याचे अवघड काम सेटलवाडांकडे आले. दुसऱ्या बाजूस मुस्लिम लीगतर्फे सर जफरुल्ला खान उभे होते. 1948 साली काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात गेला, त्या वेळच्या शिष्टमंडळातही ते होते. मग 28 जानेवारी 1950 रोजी दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले, आणि त्याच दिवसापासून सेटलवाड भारताचे महान्यायवादी म्हणून काम पाहू लागले. तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ज्या वयात निवृत्त होतात, त्या वयात त्यांची ही नवी कारकीर्द सुरू झाली. ही गोष्ट क्षुल्लक नाही. ज्याला पुढे न्यायाधीश व्हायचे नाही, त्याला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. पुढील तेरा वर्षे, म्हणजे 1963पर्यंत, ते त्या पदावर राहिले.

श्रोतेहो, आता मी त्यांच्या कारकीर्दीतील अशा एका प्रकरणाकडे वळतो, की जे सांगितल्याशिवाय त्यांचे चित्र एकांगी होईल. घटना अमलात येऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच मद्रासच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आरोप नाही, खटला नाही, आणि तरीही माणूस तुरुंगात. हे घटनेच्या 21व्या अनुच्छेदाशी सुसंगत आहे काय, असा प्रश्न होता. कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीवाचून कोणाचे स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. सेटलवाडांनी केंद्र सरकारच्या वतीने युक्तिवाद केला तो असा, की येथे कायदा म्हणजे विधिमंडळाने संमत केलेला कायदा. तो न्याय्य आहे की अन्याय्य, हे पाहणे न्यायालयाचे काम नव्हे. 19 मे 1950 रोजी बहुमताने हीच भूमिका मान्य झाली. अटकेची कारणे न्यायालयापासूनही गुप्त ठेवणारे एक कलम तेवढे रद्द झाले. पण गोपालन सुटले नाहीत. न्यायमूर्ती फजल अली यांनी मात्र भिन्न मत लिहून ठेवले.

1942 साली ज्यांनी दडपशाहीचे वकीलपत्र परत केले, त्यांनीच 1950 साली बिनचौकशीच्या अटकेचे समर्थन करावे, याचा मेळ कसा घालायचा? सेटलवाडांच्या बाजूने असे म्हणता येईल, की आता राज्य आपले होते, संसद आपली होती, आणि घटनेने अशा स्थानबद्धतेला स्वतःच जागा ठेवली होती. कायद्याच्या अक्षराशी त्यांचा युक्तिवाद प्रामाणिक होता, याविषयी शंका नाही. तथापि सरकारी वकिलाच्या शब्दाला एक विशेष गुण आहे, किंवा दोष आहे म्हणा. खासगी वकिलाचा युक्तिवाद खटल्याबरोबर संपतो. सरकारी वकिलाचा युक्तिवाद मान्य झाला, की तो पुढच्या प्रत्येक सरकारच्या हातातले साधन बनतो. ज्याने ते साधन घडविले तो सज्जन असेल. ज्याच्या हाती ते पुढे पडेल, तोही तसाच असेल असा भरवसा कोणी द्यावा? 21व्या अनुच्छेदाचा तो संकुचित अर्थ पुरता निघून जाण्यास 1978 साल उजाडावे लागले. मनेका गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की स्वातंत्र्य हिरावून घेणारी रीत न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. फजल अलींचे एकाकी मत अठ्ठावीस वर्षांनी फळास आले.

आता चित्राची दुसरी बाजू पाहा. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले. महामंडळाचा पैसा म्हणजे लाखो सामान्य विमेदारांचा पैसा. फिरोज गांधी यांनी लोकसभेत हे प्रकरण उघडकीस आणले. ते स्वतः सत्तारूढ पक्षाचे सभासद आणि पंतप्रधानांचे जामात होते, हे आपण विसरू नये. चौकशीसाठी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. 1958च्या आरंभी मुंबईत चौकशी झाली, तीही उघड, लोकांच्या देखत. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी साक्षीला आले. अर्थखात्याचे सचिव एच. एम. पटेल आले. मंत्र्यांचे म्हणणे असे, की या व्यवहाराला आपली संमती नव्हती.

आयोगाच्या साहाय्यार्थ महान्यायवादी सेटलवाड उभे होते. सरकारनेच नेमलेला हा वकील मंत्र्यांची ढाल होईल, असे कोणास वाटले असल्यास त्याची निराशा झाली. सेटलवाडांनी पुरावा आयोगापुढे मोकळेपणाने मांडला, आणि झालेला व्यवहार समर्थनीय नव्हता हे झाकण्याचा प्रयत्न केला नाही. सचिवाने केले ते मंत्र्याच्या नावाने केले. म्हणून घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असा निष्कर्ष छागलांनी काढला. आठवड्याभरात कृष्णमाचारींनी अर्थखाते सोडले. येथे एक गोष्ट सरकारच्याही पदरात टाकली पाहिजे. ज्या वकिलाने मंत्र्याला वाचविले नाही, त्याला कोणी पदावरून दूर केले नाही. त्यानंतरही सेटलवाड पाच वर्षे महान्यायवादी होते. निर्भीड सल्लागार निपजण्यास सल्लागाराच्या अंगी धैर्य लागते हे खरे. पण ऐकणाऱ्याच्या अंगीही थोडी सहनशीलता लागते.

याच सुमारास त्यांच्या हातून दुसरे एक मोठे कार्य घडत होते. 1955 साली स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग स्थापन झाला आणि सेटलवाड त्याचे अध्यक्ष झाले. 1958च्या सप्टेंबरात आयोगाने आपला चौदावा अहवाल सादर केला. न्यायदानाच्या सुधारणेविषयी आहे तो. हायकोर्टांतील न्यायाधीशांच्या नेमणुका करताना गुणांऐवजी प्रदेश, जात आणि राजकीय वशिला यांचा विचार होतो, अशी तक्रार ठिकठिकाणी ऐकू आल्याचे त्या अहवालाने लपविले नाही. निवृत्तीनंतर न्यायाधीशांनी सरकारी नोकरी पत्करू नये, असेही त्याने बजाविले. कारण ज्याला उद्या सरकारकडे काही मागायचे आहे, तो आज सरकारविरुद्ध निकाल देताना कचरेल, अशी शंका लोकांच्या मनात येते. सरकारच्या प्रमुख वकिलाने सरकारच्या कारभारावर इतके रोखठोक लिहावे, असा प्रसंग इतिहासात विरळा. आज इतक्या वर्षांनंतरही न्यायाधीशांच्या नेमणुकांचा वाद मिटलेला नाही; तो निघाला की जाणकारांना या चौदाव्या अहवालाची आठवण येते.

आता मी ज्या प्रकरणाकडे येतो, ते गोमंतकातील आणि पश्चिम किनाऱ्यावरील श्रोत्यांना विशेष जवळचे वाटेल. 1954च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली हे प्रदेश पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाले. त्या लढ्यात महाराष्ट्रातून गेलेले अनेक तरुण होते. संगीतकार सुधीर फडके हे त्यांपैकीच एक. पोर्तुगालने 1955च्या डिसेंबरात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध फिर्याद गुदरली. दमणहून या प्रदेशात भारताच्या हद्दीतून जाण्याचा आम्हाला हक्क आहे, आणि भारताने तो मोडला, असे त्यांचे म्हणणे. भारताची बाजू मांडणाऱ्या विधिज्ञांचे नेतृत्व सेटलवाडांनी केले.

गंमत अशी, की विसाव्या शतकातील या खटल्याची मुळे पेशवाईच्या दप्तरात निघाली. 17 डिसेंबर 1779 रोजी पुण्याचा दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात जो तह झाला, त्याच्या सतराव्या कलमात बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे ठरले होते. पुढे 1783 आणि 1785 साली तशा सनदा निघाल्या. पोर्तुगाल म्हणे, या तहाने आम्हास सार्वभौमत्व मिळाले. भारताचे उत्तर असे, की मराठ्यांनी दिला तो केवळ वसुलाचा हक्क. राज्य दिले नाही. हेगच्या न्यायालयात सवाई माधवरावांच्या काळच्या शब्दांचा कीस निघाला. जहागीर म्हणजे काय, सरंजाम म्हणजे काय, हे दूर देशीच्या न्यायाधीशांना समजून घ्यावे लागले. न्यायालयाने अखेर असे ठरविले, की तहाच्या भाषेवरून मराठ्यांनी सार्वभौमत्व दिल्याचे सिद्ध होत नाही. दिसतो तो वसुलाचाच हक्क. आपल्या कारकुनांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी नेमका शब्द वापरला होता, तो असा कामी आला.

तथापि निकाल सर्वस्वी आपल्या बाजूने लागला असे मात्र नाही. पुढे इंग्रजांच्या अमदानीत पोर्तुगीजांचे स्वामित्व प्रत्यक्षात मान्य झाले होते, हे न्यायालयाने नमूद केले. 12 एप्रिल 1960च्या निकालात त्याने म्हटले, की खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला 1954 साली होता. परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे नेण्याचा हक्क नव्हता. शेवटचा हा मुद्दा आठ विरुद्ध सात इतक्या निसटत्या मतांनी सुटला. आणि 1954च्या जुलैत भारताने जे निर्बंध घातले, त्यांत त्याने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असेही बहुमताने ठरले. 1961च्या ऑगस्टमध्ये दादरा-नगरहवेली रीतसर भारतात सामील झाले, आणि त्याच वर्षी 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला. तरुणांनी अंगावर घेतलेल्या जोखमीला कायद्याच्या कसोटीवर टिकविण्याचे काम हेगमध्ये झाले, याची नोंद आपण ठेवली पाहिजे. सरकारी वकिलाचे ज्ञान राष्ट्राच्या उपयोगी कसे पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सेटलवाडांनी 1963 साली पद सोडले, आणि 1974च्या ऑगस्टमध्ये ते निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांच्या पदाची कसोटी लागली. 1975च्या जूनमध्ये आणीबाणी जाहीर होताच अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी राजीनामा दिला. 1942च्या राजीनाम्याची ती जणू पुनरावृत्तीच होती. महान्यायवादी नीरेन डे मात्र पदावर राहिले. स्थानबद्धांना न्यायालयाची दारे खुली आहेत की नाहीत, या खटल्यात न्यायमूर्ती खन्ना यांनी त्यांना विचारले, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने द्वेषबुद्धीने कोणाचा जीव घेतला, तर त्यावर काही उपाय आहे काय? आणीबाणी आहे तोवर न्यायालयात उपाय नाही, असे उत्तर सरकारच्या वतीने आले. 28 एप्रिल 1976 रोजी चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू उचलून धरली. खन्ना एकटे विरुद्ध राहिले. तो निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली स्पष्ट शब्दांत सांगितले. पण त्या निकालानंतर ज्यांनी तुरुंगात महिन्यामागून महिने काढले, त्यांना 2017च्या दुरुस्तीचा काय उपयोग?

श्रोतेहो, या सर्व कथनाचे तात्पर्य काय? सरकारचा वकील सरकारने नेमलेला असतो, म्हणून तो लाचार असलाच पाहिजे असे नाही; आणि तो विद्वान व सच्छील आहे, म्हणून त्याचा प्रत्येक युक्तिवाद लोकांच्या हिताचा असेल असेही नाही. सेटलवाडांच्या आयुष्यात 1942 आहे, 1958 आहे, हेग आहे. आणि गोपालन यांचा खटलाही आहे. या चारी गोष्टी एकत्र ठेवल्या, म्हणजे त्या पदाचे खरे स्वरूप कळते. त्याचे पक्षकार दोन असतात. एक आज खुर्चीवर बसलेले मंत्रिमंडळ, जे पाच वर्षांनी बदलते. दुसरे राज्य, म्हणजे आपण सर्वजण, आणि जे अजून जन्मास यावयाचे आहेत तेही. पहिल्या पक्षकाराचे काम करीत असता दुसऱ्याचे नुकसान होत नाही ना, हे ज्याला पाहता येते, तोच खरा सरकारी वकील.

आणि हे केवळ दिल्लीपुरते नाही. फौजदारी खटल्यात सरकारी वकिलाचे काम आरोपीला शिक्षा मिळवून देणे हे नसून सर्व पुरावा, मग तो आरोपीच्या फायद्याचा का असेना, न्यायालयापुढे प्रामाणिकपणे ठेवणे हे आहे, असे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून तालुक्याच्या कोर्टात व्हरांड्यातून जाणारे सरकारी वकील पुन्हा कधी दिसले, तर त्यांना वाट अवश्य द्या. पण भयाने देऊ नका. ते जितके सरकारचे वकील आहेत, तितकेच आपलेही आहेत, हे आपण जाणले पाहिजे. आणि त्यांनीही ते विसरता कामा नये.